गोचीड, माकड आणि ताप : माकडतापावर गावातून ठेवायची पाळत

माकडताप हा गोचिडीमार्फत पसरणारा विषाणुजन्य आजार आहे. नावात माकड असले तरी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला तो होतो बहुतेक वेळा गोचिडीच्या चाव्यातून. माकड हे त्याच गोचिडीचे दुसरे भक्ष्य. विषाणू आधी जंगलातल्या गोचिडीत असतो, मग माकडे मरू लागतात आणि त्यानंतर गावच्या दवाखान्यात तापाचे रुग्ण येतात. रोगावर पाळत ठेवायची ती याच क्रमाने. प्रत्यक्षात ती बहुधा उलट्या टोकापासून सुरू होते. रुग्ण सापडतो, मग महिन्याभरापूर्वी ओहोळाजवळ मरून पडलेले वानर कोणाला तरी आठवते, आणि सर्वांत शेवटी कोणी कर्मचारी पांढरे फडके घेऊन गोचिडी वेचायला निघतो. तोवर निम्मा हंगाम सरलेला असतो.

या आजाराची पहिली नोंदही माकडांच्या मरणानेच झाली. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरत असल्याचे आणि जवळच्या गावांत तीव्र तापाची साथ असल्याचे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला कळले. १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. माकडे मरतात म्हटल्यावर पहिली शंका पीतज्वराची आली, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची चाहूल अशीच लागते; भारतात मात्र तो रोग नव्हता. विषाणू हाती आल्यावर मात्र तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. जंगलावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले. तिकडचे कन्नड लोक त्याला मंगन कायिले, म्हणजे माकडाचा आजार, म्हणतात. कोकणात आणि गोव्यात माकडताप हेच नाव रूढ झाले.

पुढची अनेक दशके हा कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांपुरता आजार मानला गेला. २०१२ नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशा दक्षिणेच्या जंगलांत आढळला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाली गावच्या काजू बागांत काम करणाऱ्यांमध्ये त्याची साथ आली. २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावी रुग्ण सापडले आणि नंतर सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही. नकाशा पाहिला तर कर्नाटकातले खानापूर, सत्तरी आणि दोडामार्ग ही तीन राज्यांतली तीन नावे असली तरी सह्याद्रीचा जंगलपट्टा एकच आहे. रोग नव्याने आला की आधीपासून होता आणि नव्याने दिसला, हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर आधीच्या वर्षांच्या गोचिडींच्या नोंदी देऊ शकतात. जिथे अशा नोंदी कोणी ठेवल्याच नाहीत तिथे उत्तरही मिळत नाही.

गोचिडीचे वर्ष

पाळत केव्हा आणि कुठे ठेवायची हे गोचिडीच्या आयुष्यक्रमावरून ठरते. माकडतापाचा मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची रानगोचीड. गोठ्यात गुरांच्या कानामागे आणि कासेला चिकटलेली, टरारून फुगलेली जी गोचीड सगळ्यांना माहीत असते, तिच्यात आणि हिच्यात फरक आहे. गोठ्यातली सर्वसाधारण गोचीड आपले बहुतेक आयुष्य एकाच जनावरावर काढते. रानगोचीड तीन वेळा रक्त पिते आणि तिन्ही वेळा वेगळ्या प्राण्याचे. प्रत्येक जेवणानंतर ती जमिनीवर गळून पडते, पाचोळ्यात कात टाकते आणि नव्या अवस्थेत पुन्हा झुडपाच्या किंवा गवताच्या टोकाशी जाऊन बसते.

पावसाळ्यात प्रौढ माद्या गुरे, सांबर अशा मोठ्या जनावरांचे रक्त पिऊन जमिनीत अंडी घालतात. पाऊस ओसरला की सहा पायांच्या बारीक अळ्या बाहेर येतात. उंदीर, चिचुंद्री, खार, रानकोंबडी हे त्यांचे यजमान. कात टाकल्यावर आठ पायांचे पिल्लू होते, शास्त्रात त्याला निंफ म्हणतात. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत जंगलात या पिल्लांचा सुळसुळाट असतो. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, चावताना दुखत नाही आणि कपड्याच्या शिवणीत दिसतही नाही. माणसाला लागण होते ती मुख्यतः या अवस्थेपासून. अळीच्या अवस्थेत एखाद्या लागण झालेल्या उंदराचे किंवा माकडाचे रक्त प्यायले गेले असेल, तर कात टाकल्यावरही विषाणू तिच्या अंगात टिकून राहतो आणि पुढच्या चाव्यातून पुढच्या प्राण्याकडे जातो.

गुरांचे यातले स्थान जरा फसवे आहे. गुरे माकडतापाने आजारी पडत नाहीत आणि विषाणू टिकवून धरण्यातही त्यांचा वाटा नाही. मात्र प्रौढ गोचिडींना पोटभर रक्त त्यांच्याकडूनच मिळते, म्हणून ज्या जंगलात गुरे चरायला जातात तिथे गोचिडींची संख्या वाढते. शिवाय अंगावर बसलेली गोचीड गुरांसोबत घराच्या मागच्या दारापर्यंत येते.

डिसेंबर ते मे हाच दोडामार्ग-सत्तरी पट्ट्यात काजूचाही हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये बागेत पहाटेपासून माणसे असतात. झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे आणि उकिडवे बसून किंवा सरळ पातेऱ्यावर मांडी घालून पिरगळून बी वेगळी काढायची, हे तासन् तासांचे काम. पायात चप्पल, साडीचा काचा किंवा गुडघ्यापर्यंत वर घेतलेली लुंगी आणि हात कोपरापर्यंत उघडे. खाली सुका पातेरा, बाजूला घाणेरीचे रान आणि वर काजूच्या बोंडांवर ताव मारायला आलेली माकडे. गोचिडीला लागतात ते पातेरा, झुडूप आणि यजमान असे सगळे एकाच झाडाखाली जमतात. भाताच्या तरव्यासाठी जमीन भाजायला पातेरा आणि कवळे गोळा करणे, सरपण आणणे, गुरे राखणे, बांबू तोडणे ही कामेही याच महिन्यांतली. त्यामुळे जोखमीच्या माणसांची यादी करायला वेगळे सर्वेक्षण लागत नाही. कोण कोणाच्या बागेत रोजाने जातो हे वाडीतल्या आशा कार्यकर्तीला तोंडपाठ असते.

गोचिडी मोजणे

जंगलात गोचीड आहे का, या प्रश्नाला काही अर्थ नाही, ती असतेच. किती आहे, कोणत्या अवस्थेत आहे, गेल्या महिन्यापेक्षा वाढली का आणि तिच्यात विषाणू आहे का, हे कळायला हवे. त्यासाठी वापरली जाणारी पद्धत इतकी साधी आहे की पाहणाऱ्याला ती पोरखेळ वाटते. साधारण एक मीटर लांब-रुंद पांढरे फ्लॅनेलचे कापड एका बाजूने काठीला बांधायचे आणि जमिनीवरून, गवतावरून, झुडपांच्या खालच्या फांद्यांवरून हळूहळू ओढत न्यायचे. वाट पाहत बसलेली गोचीड जाणाऱ्या प्राण्याच्या केसांना पकडावे तशी फ्लॅनेलच्या लवेला पकडते. दर आठ-दहा पावलांनी थांबून कापड उलटायचे आणि दोन्ही बाजू पाहायच्या.

यात चुका होतात त्या बारीकसारीक गोष्टींत. दव असताना कापड ओलसर होते आणि ओल्या कापडाला गोचीड लागत नाही. म्हणून दव उतरल्यावर, पण ऊन तापण्याआधी निघावे. सुती पंचा किंवा धुऊन गुळगुळीत झालेले कापड चालत नाही, लव असलेलेच हवे. भराभर चालले तर कापड गवताच्या टोकांवरून उडत जाते. सर्वांत मोठी चूक म्हणजे जिथे गोचिडी हमखास मिळतात तिथेच दर वेळी जाणे. त्याने गोचिडींची नळी भरते, तुलना मात्र होत नाही. तुलनेसाठी ठरावीक वाटा हव्यात: एक काजू बागेतली, एक गुरांच्या चराईच्या रानातली, एक पाणवठ्याकडे जाणारी, एक वस्तीच्या कडेची. प्रत्येकीवर दर महिन्याला तेवढेच अंतर, त्याच पद्धतीने.

कापडावर सापडलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने उचलून नळीत टाकतात. बोटाने चिरडणे हा अनेकांचा सवयीचा उपाय, आणि तो धोक्याचा आहे. चिरडलेल्या गोचिडीतला द्रव नखाजवळच्या चिरेतून आत जाऊ शकतो. नळीत ओलसर गाळणकागदाचा तुकडा आणि तोंडाला कापसाचा बोळा असला की गोचिडी जिवंत राहतात आणि त्यांची जात ओळखणे सोपे जाते. एका ठिकाणच्या गोचिडी एका नळीत. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, जागेची खूण, तारीख, वेळ आणि किती अंतर कापड ओढले ते लिहायचे. शाईची चिठ्ठी ओलाव्याने फिसकटते आणि मग नळीतल्या चाळीस गोचिडी कुठल्याच गावच्या राहत नाहीत.

प्रयोगशाळेत जात, अवस्था आणि ठिकाण पाहून त्यांचे गट पाडतात आणि प्रत्येक गट एकत्र तपासतात. समजा ५०० पिल्ले जमली, २५-२५ चे २० गट झाले आणि त्यांतल्या २ गटांत विषाणू सापडला. प्रत्येक बाधित गटात निदान एक गोचीड बाधित आहे एवढेच त्यावरून म्हणता येते, म्हणजे ५०० मागे किमान २, हजारी किमान ४. हा आकडा ‘किमान’ आहे हे अहवालातून पत्रकात आणि पत्रकातून बातमीत जाताना गळून पडते. त्याहून वाईट चूक उलट्या बाजूची: ३० गोचिडी तपासल्या, विषाणू मिळाला नाही, म्हणून जंगल सुरक्षित ठरवणे. हजारी चार या प्रमाणात विषाणू असेल तर ३० गोचिडींत तो न सापडण्याचीच शक्यता कितीतरी जास्त.

ज्या महिन्यात गोचीड मिळाली नाही त्या महिन्याची नोंदही व्हायला हवी. कापड ओढले आणि शून्य मिळाले, ही माहिती आहे. कापड ओढलेच नाही, ही माहितीतली पोकळी आहे. वहीत दोन्हीकडे कोरी जागा सोडली तर वर्षाअखेरीस दोन्हींत फरक करता येत नाही.

मेलेले माकड

काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोघांनाही हा आजार होतो. वानरे अधिक प्रमाणात मरतात. आजारी माकड कळपामागे राहते, जमिनीवर उतरते, माणूस जवळ आला तरी पळत नाही, अनेकदा पाण्याजवळ सापडते. माकड मेल्यावर त्याचे अंग थंड पडू लागते तशा त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पातेऱ्यात विखुरतात. बाधित गोचिडींची एवढी दाट जागा जंगलात एरवी कुठे नसते. मेलेल्या माकडाभोवती गोळा झालेली बघ्यांची गर्दी आणि त्याला फुले वाहून, हळदीकुंकू लावून होणारा अंत्यविधी म्हणूनच जोखमीचा. कोकणात मारुतीच्या भावनेने माकडाला खांदा देण्याची रीत अनेक गावांत आहे. ती हसण्यावारी नेऊन सुटत नाही. विधी दुरून, देह न हलवता आणि शवविच्छेदन झाल्यावर करता येतो, हे गावातल्याच जाणत्या माणसाने सांगितले तर ऐकले जाते.

माकड दिसल्याबरोबर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. हात लावू नये, काठीनेही उलटू नये. कुत्र्यांना लांब ठेवावे. वनरक्षक आणि आरोग्य उपकेंद्र या दोघांनाही कळवावे. एकाला कळवले की दुसऱ्याला आपोआप कळते, हा समज अनुभवाला धरून नाही. माकड वन्यप्राणी असल्याने देह वनविभागाच्या ताब्यात, विच्छेदन पशुवैद्यकाचे आणि माणसांची काळजी आरोग्य विभागाची, अशी कामाची तीन घरांत वाटणी आहे. मधल्या फोनाफोनीत दिवस गेला तर उन्हाळ्यात देह सडतो आणि नमुना निकामी होतो. हंगामाआधीच, नोव्हेंबरमध्ये, तिन्ही खात्यांची माणसे एकदा एकत्र बसून कोण कोणाला फोन करणार हे ठरवून घेतात तिथे हा घोळ बराच कमी होतो.

विच्छेदन करणाऱ्याने पूर्ण अंग झाकणारा पोशाख, दुहेरी हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि गमबूट घालणे आवश्यक. मेंदू, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत घेऊन बर्फात ठेवतात. नमुन्याला तिहेरी वेष्टन लागते: गळती न होणारी आतली कुपी, तिच्याभोवती शोषक कापूस घातलेला दुसरा बंद डबा आणि बाहेरून टणक पेटी. देह तिथेच जाळतात. मार्चच्या कोरड्या जंगलात ही आग वणव्यात जाऊ शकते, म्हणून सभोवतीचा पातेरा झाडून, वन कर्मचारी हजर असतानाच ते करावे. नंतर जागेभोवती ५० मीटर त्रिज्येत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी धुरळतात. मॅलॅथिऑन मधमाश्यांना आणि माशांना घातक आहे. काजू मोहरावर असताना बागेत आणि ओहोळाच्या काठी ती सरसकट उडवणे म्हणजे एक संकट टाळताना दुसरे ओढवणे. शेवटी त्या जागेवर दिसेल अशी खूण करून त्या हंगामात तिथे गुरे आणि माणसे जाणार नाहीत असे पाहावे.

सगळीच माकडे या तापाने मरत नाहीत. विजेच्या तारेला लागून, कुत्र्यांच्या तावडीत सापडून, वाहनाखाली येऊनही मरतात. कारण उघड दिसत असले तरी नोंद करावी. आठवड्यात एकाच भागात दोन-तीन देह सापडले आणि प्रत्येकाला सोयीचे निराळे कारण दिले गेले असेल, तर नोंदीवरूनच ते लक्षात येते.

माणसाचा ताप

गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो आणि तो एकदम येतो. थंडी, कपाळात ठणका, कंबर आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे, उलट्या, जुलाब. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. तापाच्या मानाने नाडी मंद, रक्तदाब कमी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरलेल्या. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. १० ते २० टक्क्यांमध्ये मात्र ताप उतरून बरे वाटू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो उलटतो, आणि मग डोकेदुखी, कंप, बरळणे, दृष्टीचे दोष अशी मेंदूशी निगडित लक्षणे दिसतात. घरी सोडलेल्या रुग्णाकडे तिसऱ्या आठवड्यात एक फेरी मारणे म्हणूनच गरजेचे. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के.

विषाणू मारणारे औषध नाही. पाणी आणि क्षारांचे संतुलन, रक्तदाब आणि रक्तस्रावावर लक्ष, तापाला पॅरासिटामॉल हाच उपचार. अंगदुखी फार असते म्हणून दुकानातून आणलेली अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधे रक्तस्राव वाढवू शकतात. ती देऊ नयेत. जंगलातून आलेला प्रत्येक ताप माकडताप नसतो. त्याच झुडपांतल्या बारीक माइट या कोळीवर्गातल्या जीवाच्या अळीपासून स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. काखेत, जांघेत किंवा कंबरपट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली ही त्याची खूण, आणि डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाले तर तो बरा होतो. अंग उघडे करून तपासल्याशिवाय ही खपली सापडत नाही.

माकडतापाचे निदान पहिल्या आठ-दहा दिवसांत रक्तातला विषाणू शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीने, तर साधारण पाचव्या दिवसापासून प्रतिपिंडांच्या चाचणीनेही होते. अर्जावर ताप सुरू झाल्याची तारीख नसेल तर निष्कर्षाचा अर्थ लावता येत नाही. त्याच अर्जावर ‘गेल्या पंधरा दिवसांत कोणत्या बागेत किंवा रानात गेले’ या प्रश्नाला ‘जंगल’ एवढेच उत्तर लिहिलेले असते. तिथे बागेचे किंवा जागेचे स्थानिक नाव हवे. गोचिडींची नळी आणि मेलेल्या माकडाची खूण त्याच नावाशी जोडायची असते.

एका माणसाकडून दुसऱ्याला माकडताप होत नाही. रुग्णाला वाळीत टाकणे, घरावर खूण करणे, मुलांना शाळेतून परत पाठवणे याला काही आधार नाही. गोचिडींचा दुसरा एक आजार मात्र याच्या उलट वागतो. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलात गावी क्रिमियन-काँगो तापाचा भारतातला पहिला खात्रीचा रुग्ण आढळला, आणि त्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकेचाही त्यात मृत्यू झाला. तो हायलोमा जातीच्या गोचिडीपासून आणि बाधित गुरा-मेंढरांच्या रक्तापासून होतो, आणि रुग्णाच्या रक्तातून पुढे पसरतो. गोचीड चावल्याची हकीकत आणि रक्तस्राव दोन्ही असतील, तर निदान हाती येईपर्यंत हातमोजे, मुखपट्टी आणि वेगळी खोली हे नियम पाळणेच शहाणपणाचे.

प्रयोगशाळेत तर माकडतापाचा विषाणूही निर्धोक नाही. त्यावर काम करणाऱ्यांना प्रयोगशाळेतच लागण झाल्याच्या घटना अगदी सुरुवातीच्या काळापासून नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून जिवंत विषाणू हाताळणे उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होते. पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेची चौथ्या, म्हणजे सर्वोच्च पातळीची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तालुक्याच्या रुग्णालयाचे काम त्यामानाने छोटे, पण काटेकोर: रक्त घेताना सुई परत टोपणात न घालणे, सांडलेल्या रक्तावर आधी हायपोक्लोराइट ओतून मगच पुसणे, नमुना २ ते ८ अंशांत ठेवणे आणि गोचिडींच्या नळ्या लशींच्या शीतपेटीत न ठेवणे. ही शेवटची सूचना अनावश्यक वाटेल. छोट्या उपकेंद्रात फ्रिज एकच असतो.

चावा टाळणे

माकडतापाची जुनी लस १९९० च्या दशकापासून कर्नाटकात दिली जात होती. तिचा परिणाम अपुरा ठरल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम सुरू आहे. तोवर भिस्त अंगावर गोचीड चढू न देण्यावर. बागेत जाताना फिकट रंगाची, पूर्ण बाह्यांची वस्त्रे, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले आणि उघड्या त्वचेवर आरोग्य खात्याकडून मिळणारे डीएमपी किंवा डीईपीए तेल. घामाने ते उतरते, म्हणून दुपारी पुन्हा लावावे लागते; सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत निश्चिंत राहणाऱ्यांनाच चावे जास्त होतात. बोंडू पिरगळण्याचे काम पातेऱ्यावर न बसता झाडून काढलेल्या खळ्यात, पाटावर किंवा स्टुलावर बसून केले तर एवढ्यानेही बराच फरक पडतो. मुकादमाने बागेतली एक जागा झाडून दिली की ते सहज जमते.

घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून उकळत्या पाण्यात टाकावेत, गरम पाण्याने आंघोळ करावी आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची वळी, कानामागचा भाग, केसांची मुळे हाताने चाचपावीत. गोचीड रुतलेली दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावी. रॉकेल, तंबाखू, चुना, उदबत्तीचा चटका हे घरगुती उपाय तिला जास्त लाळ सोडायला लावतात. जागा साबणाने धुवावी आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरला हवी असते.

गुरांवर गोचीडनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे. दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वापरायचे नाही हे औषधागणिक बदलते, आणि नेमका तोच कागद दुकानात फाडून टाकलेला असतो. जूनमध्ये पाऊस लागला, पिल्ले दिसेनाशी झाली आणि तापाचे रुग्ण थांबले की मोजणीची वहीही सहसा मिटते. वास्तविक याच वेळी रानात चरून आलेल्या गुरांच्या अंगावर प्रौढ गोचिडी चढलेल्या असतात. कापड ओढण्यासाठी नेमलेल्या वाटांवर चरणाऱ्या आठ-दहा गुरांची मान, कान आणि पुढच्या पायांची काख दर पंधरवड्याला तपासून रानगोचिडींची संख्या टिपून ठेवली, तर ऑक्टोबरात त्याच वाटांवर अळ्या कितपत मिळतील याचा अंदाज हाताशी राहतो.